कल्याणचे गोळे आणि कर्जतची कणी

चौक, ता. खालापूर
२ डिसेंबर १९४५

बुधादादा,

तीर्थरूप, साष्टांग आणि तुझ्या प्रकृतीची काळजी, हे सगळं मी गाळते आहे. तीन वर्षांत ज्याने बहिणीला साधं कार्ड टाकलं नाही त्याच्यावर एवढे शब्द कोण खर्च करील? मी मराठी सातवी पास आहे, मास्तरांच्या भाषेत लिहायला बसले आहे. राग चढला की आईची भाषा येईल. आली तर वाचून घे.

तू धडधाकट आहेस हे मला काल खालापूरच्या भाताच्या गिरणीत कळलं. कसं ते ऐक.

बाबांनी मला हेरगिरीला पाठवलं होतं. हसू नकोस! दसऱ्यानंतर खालापूरच्या गिरणीवाल्याने बाबांनी घडवलेला, इंजिनाचा वेग सांभाळणारा गव्हर्नर काढला आणि कल्याणच्या कारखान्याचा बसवला. बातमी कर्जतला पोचली तेव्हा बाबा जेवत होते. तसेच हात धुऊन उठले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पायी चालत माझ्या दारात. "सुंदरे, तू बाईमाणूस. भात घेऊन गेलीस तर तुला कोण आडवतोय? मी गेलो तर गोणपाट टाकून झाकून ठेवतील. जा, बघून ये त्या कल्याणवाल्यांनी काय केलंय त्ये."

मी दोन पायली बारीक कोळंब्याचं भात घेतलं आणि शेजारच्या गौराबाईला सोबत घेतलं. तू तिला ओळखत नाहीस. तिच्यासारखी सूप पाखडणारी आमच्या चौकात नाही, आणि तिच्यासारखी बोलणारी तर अख्ख्या तालुक्यात नाही. गाडीत बसल्या बसल्या तिने सुरुवात केली, "इंजनावरचे ते गोळे नुस्ते गरागरा फिरतात, ते करतात तरी काय गं?" मी म्हटलं, "चुलीपाशी शहाणी बाई बसते ना, जाळ वाढला की लाकूड मागे ओढते, जाळ पडला की पुढे सारते. तसं. इंजिन जोरात पळालं की गोळे बाहेर फाकतात आणि तेल कमी सोडतात. इंजिन दमलं की आत येतात आणि तेल वाढवतात." गौराबाई म्हणाली, "म्हंजे सासूच की!" आणि खालापूर येईपर्यंत एकटीच हसत होती.

गिरणीत मी भात तिच्या हवाली केलं आणि इंजिनाच्या खोलीच्या दाराशी जाऊन उभी राहिले. आमचे हे चौकाच्या गिरणीत इंजिन ड्रायव्हर, म्हणून तिथल्या ड्रायव्हरने मला "वैनी, या, बघा" केलं. दादा, मी बघितलं. गोळे बाबांच्या निम्म्याने लहान, आणि मध्ये स्प्रिंग. पण स्प्रिंगकडे नंतर लक्ष गेलं. आधी दिसल्या सांध्यांतल्या दुपायी पिना. पिनेचे दोन्ही पाय दोन बाजूंना वळवून टोकं वर उचललेली. मिशी! जगात ही खोड एकाच माणसाला आहे. लहानपणी तू माझ्या खेळातल्या गाडीच्या चाकांनासुद्धा मिशा लावल्या होत्यास.

मी तिथेच हसायला लागले, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी. ड्रायव्हर घाबरला. गौराबाई मागून म्हणाली, "काय नाय, नाकात कोंडा गेला की तिचं असंच होतं."

आता माझं पाप ऐक. बाबांनी विचारलं, "कारागीर कसा वाटला?" मी म्हटलं, "साधाच आहे. पिना साध्याच." स्प्रिंगचं मात्र सांगावं लागलं. 

तीन वर्षांपूर्वीची ती दिवाळी मी विसरले नाही. तू स्प्रिंग वळून आणलीस. बाबा म्हणाले, स्प्रिंग आज ताठ, उद्या ढिली, गोळ्याचं वजन काय म्हातारं होत नाय. आणि तू चार गिर्‍हाइकांसमोर म्हणालास, "तुमी झालात ना पण." नेरळच्या छोट्या गाडीच्या शेडात वीस वर्षं फिटरकी केलेल्या माणसाला! त्यांनी तुला दार दाखवलं, आणि तूही शहाणा, लगेच दाराबाहेर. दोघांचीही डोकी एकाच साच्यातली.

पण आता गंमत संपली, नीट वाच. कर्जत आणि खालापूर मिळून अकरा गिरण्या आहेत. लढाईत विलायती सामान यायचं बंद झालं म्हणून सगळे बाबांकडे आले. आता लढाई संपली. गिरणीवाल्यांनी ठरवलं आहे की अकराही इंजिनांवर एकाच बनावटीचा गव्हर्नर बसवायचा, म्हणजे मोडतोडीला एकच कारखाना बघावा लागेल. संक्रांतीनंतर आमच्या गिरणीत परीक्षा. एकीकडे बाबांचा, दुसरीकडे तुझ्या मालकांचा. बाबा हरले तर लेथ विकणार आणि कर्जतच्या कारखान्याला कुलूप लावणार, असं आईला सांगून बसले आहेत. मग तू परत यायचं म्हटलंस तरी येणार कुठे? तुला घरात घ्यायला त्यांना काही तरी निमित्त लागेल, आणि त्या कारखान्याखेरीज दुसरं निमित्त त्यांच्याकडे नाही. मला कारखानाही हवा आणि तूही हवास. सांगून टाकलं.

पाकिटावर तुझ्या कारखान्याचं नाव आणि "मिशा लावणारे मिस्त्री" असं लिहिते आहे. पोचेल.

तुझी बहीण,
सुंदरा


चौक
१६ डिसेंबर १९४५

दादा,

उत्तर नाही. बरं. मी तरी लिहिते, कारण मला सापडलं आहे ते पोटात राहत नाही.

बाबांना तुझ्या गव्हर्नरची मापं हवी होती. गोळ्याचं वजन, दांड्याची लांबी, स्प्रिंगचे वेढे. मी म्हटलं, बाबा, मापं घेऊन काय करता? कुणाचं इंजिन चांगलं पळतं ते तांदळाला विचारा. वेग सारखा राहिला तर तांदूळ अख्खा, वेग हलला तर कणी. बाबांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की शाळेतल्या इन्स्पेक्टरने पास केल्यासारखं वाटलं मला.

मग आम्ही बायकांनी परीक्षा मांडली. एकाच शेतातलं, एकाच दिवशी झोडलेलं कोळंब्याचं भात. त्याचे दोन भाग. एक चौकात बाबांच्या गोळ्यांवर, एक खालापुरात तुझ्या. दोन्हीकडचा तांदूळ माझ्या ओट्यावर. गौराबाई पाखडणार, मी चाळणार, कणी वेगळी काढून शेरात मोजणार. पहिल्या दिवशी दोघी होतो. तिसऱ्या दिवशी ओट्यावर नऊ बाया. कुणी वालाच्या शेंगा आणल्या, कुणी सुकट, कुणी नुसतीच तोंडं. आमचे हे गिरणीतून आले आणि म्हणाले, "हा परीक्षेचा ओटा हाय का लग्नाचा मांडव?"

आता निकाल. मी खोटं लिहिणार नाही, तुलाही आणि बाबांनाही. व्यापाऱ्याची सबंध गोण एकदम ओतली, तर तुझा तांदूळ बाबांपेक्षा चांगला. अगदी उघड चांगला. बाबांच्या गोळ्यांवर गोण अर्धी झाली की इंजिन दमतं आणि दमलेलंच राहतं, मग तांदळात न भरडलेलं भात राहतं. तुझी स्प्रिंग दमत नाही. गौराबाईने तुझा तांदूळ सुपात उडवला आणि म्हणाली, "मोतीच हायेत गं." मला अभिमान वाटला आणि बाबांसाठी वाईट वाटलं, दोन्ही एकदम. असं कधी तुला झालं आहे का?

पण थांब, छाती फुगवू नकोस. पाचव्या दिवशी आम्ही बायकांचं भात तपासलं, म्हणजे कुणाचं दोन पायली, कुणाचं चार. आणि तिथे तू साफ आपटलास! कणीच कणी. पहिलं सूप तर निव्वळ कणी. मला कळेना. म्हणून सबंध सकाळ खालापूरच्या गिरणीत बसून राहिले, आणि मग कळलं.

तू कल्याणात राहून विसरलास रे. आपल्याकडे कुठली बाई आपलं भात दुसरीच्या भातात मिसळू देते? जीव गेला तरी नाही. माझा कोळंबा, तिचं जाडं. माझं दोनदा वाळवलेलं, तिचं ओलं. म्हणून एकीचं भात संपलं की यंत्र पार रिकामं करायचं, तळ झाडून घ्यायचा, मगच दुसरीचं ओतायचं. त्या रिकाम्या वेळात इंजिनावरचा भार एकदम सुटतो. बाबांचे जड गोळे हळूच बाहेर जातात आणि निवांत होतात. तुझी स्प्रिंग दचकते. गोळे बाहेर, आत, बाहेर, आत. इंजिन पळतं, मरतं, पुन्हा पळतं. तेवढ्यात पुढच्या बाईचं भात आत पडतं आणि त्याचा भुगा होतो.

खालापूरच्या बाया काय करतात सांगू? त्यांना गव्हर्नर-बिव्हर्नर कळत नाही, पण पहिलं सूप वाया जातं हे कळलं आहे. म्हणून प्रत्येक बाई आधी मूठभर मालकाचं भात आत टाकते, मग आपलं! मालकाची गोण दर दिवशी हलकी होते आहे आणि तो उंदरांचे सापळे लावतो आहे. तिथे हसणं आवरताना माझ्या पोटात कळ आली.

तर तुझा गव्हर्नर गोणीसाठी आहे, बाबांचा बायकांसाठी. आणि आपल्या अकराही गिरण्यांत दोन्ही येतात, सुगीत बायका, मग व्यापारी. म्हणजे दोघंही अर्धेच पास.

हे मी तुला आधी लिहिते आहे, बाबांना अजून सांगितलेलं नाही. आमचे हे म्हणाले, "तू बापाची हेर का भावाची?" मी म्हटलं, "मला ठावं असतं तर मी एवढी बोलले असते का?"

सुंदरा


चौक
५ जानेवारी १९४६

दादा,

चार ओळी! तीन वर्षांनी चार ओळी! "पत्र पोचले. भार सुटल्यावर गोळे स्थिर व्हायला किती वेळ लागतो ते कळव. बाबांच्या गोळ्यांचेही कळव. बुधाजी." आईचं नाव नाय, माझी चौकशी नाय. मेल्या, तुला बहीण हाय का मोजमापाची पट्टी? बघ, आईची भाषा आली.

आणि आई इथेच होती. वालाच्या शेंगा घेऊन आली होती. पोस्टमनने पाकीट दिलं ते तिच्याच हातात. तिला अक्षर एक येत नाही, पण पाकीट उलटंसुलटं केलं आणि पदराने पुसून माझ्यापुढे धरलं. "बुध्याचं हाय." म्हटलं, कशावरून? "त्याचे क उताणे पडलेले असतात." वाचता येत नाही, पण पोराचे क तिला ओळखू येतात!

मला चारदा वाचायला लावलं. तू आईविषयी काहीच लिहिलं नव्हतंस, म्हणून मी मधे घालणार होते, "आईस नमस्कार." पण तिने आधीच विचारलं, "माजं काय नसंल ना लिवलेलं?" मी पत्राची घडी घातली. तर म्हणते, "नसू दे. बापाच्या गोळ्यांचं इचारलंय ना? म्हंजे त्याला बापाची आठवण येते. बापाची आली का मग माजी येतेच." आणि पत्र माझ्या तांदळाच्या कणगीत खोल खुपसून ठेवलं. आता उत्तर लिहायला मला कोपरापर्यंत हात घालून ते काढावं लागलं.

तर घे तुझी मोजमापं. घड्याळ मी कुठून आणू? पट्ट्याच्या सांध्याचा कप्पीवर टप असा आवाज येतो ना, ते टप मोजले. भात संपल्यापासून टप सारखे पडायला लागेपर्यंत. बाबांचे पंधराच्या आत. तुझे साठाच्या पुढे, आणि एकदा तर मी ऐंशीवर कंटाळून सोडून दिलं. दहा वेळा मोजले. गौराबाईने वेगळे मोजले, तिचे आणि माझे दोन-तीनच्या वर चुकले नाहीत.

आता सांगते ते कान देऊन ऐक. परीक्षा १९ तारखेला, शनिवारी. तू ये. तुझ्या मालकांचा मिस्त्री म्हणून ये, आमच्या विरुद्ध ये, हरवायला ये, पण ये. मी बाबांना सगळा निकाल सांगितला, गोणीचाही आणि बायकांचाही. फक्त मिशी सांगितलेली नाही. गोणीचं ऐकून ते म्हणाले, "कोण हाय हा कल्याणवाला? हुशार हाय." दादा, मी तेव्हा जीभ चावून धरली होती. अजून दुखते.

सुंदरा


चौक
२० जानेवारी १९४६

बुधादादा,

"येत नाही. बाबांना सांगू नकोस." एवढंच कार्ड, आणि तेही शुक्रवारी. तू भित्रा आहेस. हे एकदा लिहून टाकते, म्हणजे पुढचं सगळं आनंदाने लिहिता येईल. कारण काल जे झालं ते रागाने लिहिण्यासारखं नाही.

अकरा गिरण्यांचे मालक सकाळीच आले. आमचे धाकलूशेठ, गिरणीचे मालक, त्यांनी चहा आणि पोहे ठेवले होते. बाबा कर्जतहून आईला घेऊन बैलगाडीने आले. तुझ्या मालकांचा माणूस आला, टोपीवाला, तुझा गव्हर्नर गोणपाटात गुंडाळून. आणि बाया! आमच्या ओट्यावरच्या नऊ होत्याच, खालापूरच्याही आल्या, आपापलं भात घेऊन. धाकलूशेठ म्हणाले, एवढ्या बायांचं काय काम? गौराबाई म्हणाली, "शेठ, तांदूळ आमी खातो. तुमी नुस्तं इंजन बघा."

टोपीवाल्याने गोणपाट सोडलं. बाबा शेजारीच होते. मी त्यांच्याकडेच बघत होते. त्यांनी आधी गोळे बघितले, मग स्प्रिंग, मग पिना.  हात पुढे केला आणि एका पिनेवरून बोट फिरवलं. मग माझ्याकडे वळले.

"तुला कवापासनं ठावं हाय?"

"कार्तिकापासून."

"आनि मला म्हणालीस, पिना साध्या हायेत."

मी खाली बघितलं. वाटलं, आता गाडी जुंपतील आणि परत जातील. आईने पदर तोंडात धरला होता.

बाबांनी कोट काढून खुंटीला लावला. टोपीवाला तुझा गव्हर्नर बसवायला गेला, पण त्याला जमेना. बसवायचा पाना त्याने उलटा धरला होता. बाबा म्हणाले, "सरा बाजूला. असा बसत नाय हा. वाकडा बसवलात तर ह्याची इज्जत जाईल." आणि दादा, तुझा गव्हर्नर आमच्या इंजिनावर बाबांनी स्वतः बसवला. आपल्या हाताने तेल दिलं, गोळे फिरवून बघितले, स्प्रिंग अर्धा वेढा ताणली. आपला बसवतानासुद्धा ते एवढी काळजी घेत नाहीत.

आधी गोणी. तुझा, मग बाबांचा. तू जिंकलास, कुणाला शंकाच राहिली नाही. मालक लोक माना हलवायला लागले. टोपीवाल्याने वही काढली.

मग बायका. बाबांच्या गोळ्यांवर पाच जणींचं भात झालं, पाचही खूश. तुझ्यावर दुसरीपासूनच बोंब. खालापूरच्या बायांनी सवयीने मूठभर मालकाचं भात आत टाकायला घेतलं आणि खालापूरचे शेठ तिथेच उभे! त्यांचा चेहरा बघायला तू हवा होतास. "म्हंजे ते उंदीर तुमी होय!" सगळी गिरणी हसली, शेवटी तेही हसले.

टोपीवाला चिडला. म्हणाला, "यंत्रात काही दोष नाही. बायकांनी भात एकत्र करावं आणि मग मापाने वाटून घ्यावं." बापरे! बायांच्या गलक्यात इंजिनाचा आवाजसुद्धा ऐकू येईना. गौराबाई सूप घेऊन त्याच्यापुढे उभी. "आरं, तुज्या घरचं भात शेजारणीच्या भातात घालून दाखव आधी!" तो बिचारा भिंतीला चिकटला. मला त्याची दया आली, म्हणून चहा दिला.

धाकलूशेठ बाबांना म्हणाले, "आबाजी, आता तुमी बोला. तुमच्या गव्हर्नरविषयी काय म्हणायचंय ते सांगा, म्हंजे आम्ही ठरवतो."

बाबा इंजिनापाशी गेले. म्हणाले, "माज्याविषयी काय सांगू? तो तुमी तीन वर्षं बघताय. मी ह्याच्याविषयी सांगतो." आणि तुझ्या गव्हर्नरवर हात ठेवला. "ही स्प्रिंग बघा. अशी तार वळायला बोटात जीव लागतो. गोण संपेपर्यंत ही दमत नाय, माजे गोळे दमतात. ही माज्या पोरानं वळलीय. बुधाजीनं. त्यानं मला तीन वर्षांपूर्वी दाखवली, नि मी त्याला चुकीचा म्हणालो. तो चुकीचा नव्हता. अर्धा बरोबर होता, नि अर्धा मी. चार माणसांत मी त्याला घराभाईर काढला, म्हणून चार माणसांत सांगतो."

 आई रडत होती आणि मी तिच्याकडे बघून रडत होते, आणि गौराबाई आम्हां दोघींना सुपाने वारा घालत होती.

खालापूरचे शेठ म्हणाले, "आबाजी, हे सगळं ठीक, पण घ्यायचा कुणाचा?" बाबा म्हणाले, "कुणाचाच नको. माजे जड गोळे नि त्याची स्प्रिंग एकत्र आली पायजे. शिमग्यापर्यंत थांबा. बाप नि पोरगा मिळून करून दाखवतो."

टोपीवाला म्हणाला, "तो मिस्त्री आमचा आहे."

बाबा म्हणाले, "मिस्त्री तुमाला ठेवा. पोरगा माजा हाय."

दादा, अकराच्या अकरा मालक शिमग्यापर्यंत थांबायला कबूल झाले. शब्द दिला आहे, पोहे खाऊन, सगळ्यांसमोर. पण शब्द दोघांच्या नावावर आहे. बाबांना तशी स्प्रिंग वळता येत नाही, त्यांनी स्वतः सांगितलं. तू आला नाहीस तर कारखाना जाईल, आणि या वेळी बाबांच्या हट्टाने जाणार नाही, तुझ्या हट्टाने जाईल.

मी तुला भित्रा म्हटलं ते खोडत नाही. आलास की खोडीन.

सुंदरा


कर्जत
२५ जानेवारी १९४६

दादा,

चार दिवसांसाठी माहेरी आले आहे. तुझं उत्तर आलेलं नाही, पण मला आता राग येत नाही. उलट इथे आल्यापासून मी आणि आई हसतोच आहोत, आणि बाबांना कळू नये म्हणून मागच्या पडवीत जाऊन हसतो.

परवापासून बाबांनी नवीन गव्हर्नर करायला घेतला आहे. गोळे त्यांचेच, पण थोडे घासून हलके केले. मधल्या दांड्याला दोन आकडे बसवले आहेत, स्प्रिंग अडकवायला. आकड्यांमध्ये काही नाही, मोकळं ठेवलं आहे. शेजारचे लोहार येऊन म्हणाले, आबाजी, मी देतो की एखादी स्प्रिंग. बाबा म्हणाले, "नको. त्ये काम वाटून दिलेलं हाय."

आणि रोज सकाळी ते स्टेशनवर जातात. "कल्याणहून तारेचं पार्सल यायचंय," असं सांगतात. आईने विचारलं, कुणी पाठवलंय? म्हणाले, "येईल कुणाचं तरी." कल्याणकडून येणाऱ्या सकाळच्या तिन्ही गाड्या बघतात, पार्सल ऑफिसात पाऊलसुद्धा टाकत नाहीत, आणि दुपारी जेवायला परत. काल स्टेशनातला हमाल आईला बाजारात भेटला. म्हणाला, "आबाजी कुणाला घ्यायला येतात? प्रत्येक डब्यात वाकून बघतात."

आज तिसरा दिवस. आज त्यांनी दाढी केली आणि लग्नातला पांढरा कोट चढवला. पार्सल आणायला कुणी कोट घालून जातं का रे?

मी हे पत्र घेऊन टपालात टाकायला निघाले होते, ते उघडून या ओळी घालते आहे. आई दारात आडवी आली. म्हणाली, "नको टाकू. गाडी आली असंल आता. आधी जाऊन बघून ये."